रुजू होण्याची तारीख

"मग, ठरली का तारीख?"

२०१९ च्या हिवाळ्यात सांगलीहून आईचा फोन आला, की पहिला प्रश्न हाच. ऐकणाऱ्याला वाटावं, घरात लग्नकार्य निघालं आहे. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, मांडीवर चार महिन्यांची लेक होती, आणि आई विचारत होती ती तारीख माझ्या कामावर रुजू होण्याची. ती कंपनीला ठाऊक नव्हती, वॉर्ड ऑफिसला ठाऊक नव्हती आणि मला तर नव्हतीच. पण एका छापील कागदावरच्या रकान्यात ती लिहिल्याशिवाय लेकीला पाळणाघर मिळणार नव्हतं, आणि पाळणाघर मिळाल्याशिवाय ती ठरणार नव्हती. आधी लगीन कोंडाण्याचं की रायबाचं, असा तो पेच. तानाजीला निदान आधी कोणतं, हे तरी माहीत होतं!

आपल्या अंकाचे वाचक नाना देशांत पसरलेले आहेत, म्हणून इथली पद्धत जरा सांगायला हवी. पण त्याआधी मी इथे कशी आले ते थोडक्यात. सेंदाई हे जपानच्या ईशान्येकडचं मोठं शहर, टोकियोपासून शिनकानसेनने दीडएक तासावर. २००३ साली मी तोहोकु विद्यापीठात धातुशास्त्रात मास्टर्स करायला आले. ह्याच विद्यापीठाने १९१३ साली तीन मुलींना प्रवेश दिला होता, जपानच्या सरकारी विद्यापीठांत पहिल्यांदाच. मी आले तेव्हा त्या गोष्टीला नव्वद वर्षं झाली होती, आणि आमच्या प्रयोगशाळेत बावीस मुलगे होते आणि मी. असो. मास्टर्स झालं, इथल्याच एका कंपनीत नोकरी लागली, पुण्याचा नवरा इथे आणला, तोही विद्यापीठात संशोधनाला लागला. त्याचं काम वर्षावर्षाच्या कराराचं. दर मार्चअखेर आमच्या घरात परीक्षेच्या निकालासारखं वातावरण असतं.

आता पाळणाघर. आपल्याकडे पाळणाघर म्हटलं की मला पुण्यातल्या नणंदेच्या सोसायटीतल्या काकू आठवतात. दोन खोल्या, सहा मुलं, भिंतीला टेकवलेल्या गाद्या. जायचं, चहा घ्यायचा, "काकू, पुढच्या महिन्यापासून आणू का?" विचारायचं. काकू म्हणतात, "आण की." झाला प्रवेश. इथे ज्याला होइकुएन म्हणतात ते सरकारमान्य पाळणाघर असतं, आणि तिथल्या बाईंना तुम्ही कितीही आवडलात तरी त्या तुम्हाला जागा देऊ शकत नाहीत. अर्ज करायचा नगरपालिकेकडे. सेंदाईचे पाच वॉर्ड. आपापल्या वॉर्डाच्या कचेरीत जायचं, पाळणाघरांची नावं पसंतीच्या क्रमाने लिहायची, आणि कचेरी सगळ्या अर्जदारांना गुण देऊन कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवते.

हो, गुण! नवरा-बायको दोघंही पूर्ण वेळ नोकरीत असतील तर भरपूर गुण, अर्धवेळ असाल तर कमी, नुसती नोकरी शोधत असाल तर आणखी कमी. एकटी आई किंवा एकटा बाप असेल, थोरलं भावंड आधीच तिथे जात असेल, तर बहुतेक शहरांत वरचे गुण. काही गावांत आजी-आजोबा जवळ राहत असतील तर गुण कापतात. आपल्याकडे स्थळ बघताना "घरात वडीलधारी माणसं आहेत ना?" हे जमेच्या बाजूला, इथे ते खर्चाच्या बाजूला. मी आईला हे सगळं समजावून सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे पत्रिकाच जुळवतात की. छत्तीसपैकी किती आले?" जपानी लोकांनीही ह्या खटाटोपाला लग्न जुळवण्याच्या खटपटीसारखंच नाव दिलं आहे. नोकरी शोधणं 'शुउकात्सु', लग्नासाठी जोडीदार शोधणं 'कोनकात्सु', आणि पाळणाघर शोधणं 'होकात्सु'.

सगळ्यात मोठी मेख आहे ती एप्रिलची. इथलं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि सगळी मुलं त्याच दिवशी एक वर्ग वर सरकतात. त्यामुळे जागा रिकाम्या होतात त्या एप्रिलमध्ये. त्यातही तान्ह्या मुलांच्या वर्गात तीन मुलांमागे एक शिक्षिका लागते, एक-दोन वर्षांच्या सहा मुलांमागे एक, म्हणून हे वर्ग मुळातच लहान. समजा, तान्ह्यांच्या वर्गात सहा जागा आहेत आणि पुढच्या वर्गात आठ. खालची सहा वर गेली की बाहेरच्यांसाठी उरल्या दोन. कायद्याने मूल एक वर्षाचं होईपर्यंत रजा घेता येते. पाळणाघर मिळालं नाही तर ती दीड वर्षापर्यंत वाढते, आणि २०१७ च्या ऑक्टोबरपासून दोन वर्षांपर्यंतही. रोजगार विम्यातून पहिले १८० दिवस पगाराच्या ६७ टक्के आणि नंतर ५० टक्के मिळतात. अमेरिकेतल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या सुस्कारा सोडतात. तिथे १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि तीही सगळ्यांना नाही. भारतातही २०१७ पासून सव्वीस आठवडे झाले, आणि पन्नासाच्या वर माणसं असतील त्या कंपनीला पाळणाघराची सोय करणं आलं. तेव्हा जपानला नावं ठेवायला मी बसलेले नाही. पण ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाच्या आईने ही वर्षभराची रजा पुरी केली, तर ती पुढच्या ऑगस्टला कचेरीच्या दारात उभी राहते आणि जागा एप्रिलमध्येच भरून गेलेल्या असतात. म्हणून एप्रिलचीच जागा धरायची. आणि एप्रिलसाठी अर्ज करायचा आदल्या शरदात, म्हणजे बाळ जेमतेम मान धरायला लागलेलं असताना.

आमची लेक जन्मली २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आई जुलैतच आली होती, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. सेंदाईत ६ ते ८ ऑगस्ट तानाबाताचा उत्सव असतो, बाजारपेठेत छतापासून जमिनीपर्यंत रंगीत कागदाच्या माळा लोंबत असतात, आणि कागदाच्या चिठ्ठीवर इच्छा लिहून बांबूला बांधायची पद्धत आहे. मी दवाखान्यात, नवरा आईला दाखवायला घेऊन गेला. नेमके तेच दिवस सांगलीच्या महापुराचे. आयर्विन पुलापाशी कृष्णा धोक्याची ४५ फुटांची खूण ओलांडून कितीतरी वर गेली होती, आमच्या घराच्या तळमजल्यात पाणी होतं, आणि अण्णा वरच्या मजल्यावर एकटे होते. त्यांच्या मोबाईलची बॅटरी संपली की आईचं अन्नपाणी थांबायचं. तिने चिठ्ठीवर मराठीत लिहिलं, "पाणी उतरू दे." नवऱ्याने विचारलं, "नातीसाठी नाही का काही मागायचं?" तर म्हणाली, "तिला काय, ती कोरड्यात आहे."

पाणी उतरलं, पण घराची रया गेली. ऑक्टोबरात हागिबिस वादळ इकडे येऊन गेलं आणि पाठोपाठ आईचे नव्वद दिवस भरले. निघायच्या आदल्या रात्री लेकीच्या दुपट्याच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "तुला जमत नसेल तर दे माझ्याकडे. तुला वाढवलं तशी हिला वाढवीन. दोन वर्षांची झाली की घेऊन जा."

मी काहीच बोलले नाही. आपल्यापैकी किती घरांत हे वाक्य बोललं गेलं असेल, आणि किती घरांनी तसं केलंही असेल! त्यात मला कमीपणा वाटत नाही. माझी एक मैत्रीण स्वतः साताऱ्यात आजीकडे तीन वर्षं वाढली, आई-बाबा न्यू जर्सीत. ती म्हणते, "माझं काही वाईट झालं नाही." आणि मग थोडं थांबून, "पण विमानतळावर मी आईला ओळखलं नव्हतं, हे आई अजून सांगते."

आई गेल्यावर आठवड्याभरात मी लेकीला पुढ्यात बांधून कचेरीत गेले. खिडकीतल्या बाई अतिशय सौजन्याने बोलत होत्या. इथे सौजन्याची टंचाई कधीच नसते. त्यांनी नोकरीचा दाखला मागितला. तो कंपनीने भरून द्यायचा: कामाचे दिवस, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, आणि रजेवर असाल तर रुजू होण्याची तारीख. कामाच्या तासांवरून गुण ठरतात, आणि मुलाला दिवसाला अकरा तासांपर्यंत ठेवता येईल की आठच, तेही.

कंपनीत फोन केला. मनुष्यबळ विभागातला तरुण मुलगा म्हणाला, "रजा तर ऑगस्टपर्यंत आहे. पाळणाघराचं पत्र आलं की तारीख ठरवू." मी म्हटलं, "पत्र येण्यासाठी तारीख लागते." तो म्हणाला, "हो, बरोबर आहे," आणि मग बराच वेळ फोनवर नुसती शांतता. त्याने शेवटी नियमाप्रमाणे ऑगस्ट २०२० लिहून पाठवलं. कचेरीतल्या बाईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि म्हणाल्या, "अर्ज एप्रिलचा आहे आणि आपण तर ऑगस्टमध्ये कामावर जाणार." मी म्हटलं, "जागा मिळाली तर मी लवकर जाईन." त्या म्हणाल्या, "तसं कंपनीने लिहून द्यायला हवं." परत कंपनी. तो मुलगा म्हणाला, "लवकर रुजू होणार असाल तर कुठल्या जागी, हे साहेबांना विचारावं लागेल." साहेब म्हणाले, "बदल्यांची पत्रं मार्चमध्ये निघतात."

ही मार्चची भानगड जपानात नोकरी केलेल्यांनाच कळेल. आमच्या कंपनीची प्रयोगशाळा शहरात आणि कारखाना उत्तरेला गाडीने तासाभरावर. ज्या नव्या उत्पादनावर मी तीन वर्षं काम केलं होतं, त्याची भट्टी एप्रिलपासून कारखान्यात सुरू व्हायची होती. मला तिकडे पाठवतील की शहरात ठेवतील, हे मार्च उजाडेपर्यंत कोणी सांगणार नव्हतं. कारखाना असेल तर पाळणाघर स्टेशनाजवळचं हवं आणि सकाळी लवकर उघडणारं. प्रयोगशाळा असेल तर घराजवळचं चालेल. आमचं घर नांबोकु मेट्रोच्या वाटेवर. मी जेवणाच्या टेबलावर मेट्रोचा नकाशा पसरून पेन्सिलीने पाळणाघरं मांडली, प्रत्येकापासून दोन्हीकडचे मिनिटांचे हिशेब केले, आणि दोन वेगवेगळ्या पसंतीक्रमांच्या याद्या झाल्या. अर्ज एकच. नवऱ्याने दोन्ही याद्या बघितल्या आणि म्हणाला, "ह्यात एक गोष्ट पक्की आहे. घर जागचं हलणार नाही. घराजवळचं लिही." इतकी वर्षं संशोधन केल्याचा त्या दिवशी मला पहिल्यांदा उपयोग दिसला.

दाखल्याचं कोडं सोडवलं ते मनुष्यबळ विभागातल्या एका वयस्क बाईंनी. तरुण मुलगा रजेवर होता म्हणून फोन त्यांनी घेतला. माझी सगळी कहाणी ऐकून म्हणाल्या, "माझा मुलगा आता तिशीचा आहे. त्या वेळीही हेच होतं." त्यांनी 'प्रवेश मिळाल्यास रजा कमी करून १ मे २०२० रोजी सध्याच्याच पदावर रुजू होतील' असं लिहून शिक्का मारला. सध्याच्याच पदावर, हे शब्द महत्त्वाचे. खोटं काही नव्हतं त्यात. त्या दिवशी माझं सध्याचं पद तेच होतं. तारीखही त्यांनीच सुचवली. एप्रिलमध्ये पोरगी पाळणाघराला सरावेल, तोवर मेमधली सुट्टी येईल, असा त्यांचा हिशेब.

तुम्ही म्हणाल, इतका आटापिटा कशाला? कायद्याने रजा वाढवून मिळते ना? मिळते. आणि इथली एक गंमत सांगते: त्या काळात बऱ्याच आया मुद्दाम नकार मिळावा म्हणून अर्ज करत. जिथे चिक्कार गर्दी आहे असं एकच पाळणाघर लिहायचं, नकाराचं पत्र घ्यायचं आणि ते दाखवून रजा वाढवायची. मूल वर्षाचं झालं आणि आईला ते अजून घरी हवं आहे, एवढं कारण कागदाला पुरत नाही. मग बिचाऱ्या काय करणार? २०२५ च्या एप्रिलपासून ह्यावर तपासणी कडक झाली आहे, अर्जाची प्रतही दाखवावी लागते. अर्ज ठेवताना मला खिडकीतल्या बाईंनीही अगदी हळू आवाजात विचारलं होतं, "आपल्याला खरोखर जागा हवी आहे ना?" मी इतक्या जोरात 'हो' म्हटलं की लेक दचकून उठली.

मला खरोखर हवी होती. एप्रिलमध्ये १८० दिवस संपून भत्ता निम्म्यावर येणार होता, नवऱ्याचा करार मार्चअखेर संपत होता, ही कारणं मी सगळ्यांना सांगत असे, आणि ती खरीही होती. पण आणखी एक होतं, ते आईलाही सांगितलं नाही. ती भट्टी माझी होती. साहेब म्हणाले होते, "सावकाश या, काळजी करू नका," आणि ते मनापासून म्हणाले होते. मला मात्र दिसत होतं की मी सावकाश गेले तर तिच्यापाशी दुसरं कोणीतरी उभं असेल. चार महिन्यांच्या मुलीच्या आईने भट्टीचा विचार करावा का? रात्री दूध पाजताना मी स्वतःलाच हे विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत दोघींना झोप लागायची.

बाकीचे मार्गही तपासून झाले होते. उच्च कौशल्याच्या खास व्हिसावर असलेल्यांना, घरचं उत्पन्न वर्षाला ८० लाख येनच्या वर असेल, तर सात वर्षांखालच्या मुलाला सांभाळण्यासाठी आई किंवा वडिलांना आणता येतं. मी हे वाचून उडीच मारली. मग पुढचं वाचलं. माझ्याकडे कायमच्या वास्तव्याचा परवाना होता, जो मिळाला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते, आणि त्या परवान्याला ही सवलत नाही. पायरी चढलो आणि शिडी काढून घेतली, तसं झालं.

खिडकीबाहेर बर्फ पडत असताना निकालाचा लिफाफा आला. 'तूर्त स्थगित.' जपानी भाषेत नकारसुद्धा असा रजईत गुंडाळून देतात. टोकियोतल्या मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "रडू नकोस, आमच्याकडे तर निम्मी सोसायटी स्थगित आहे." २०१६ च्या फेब्रुवारीत अशाच एका अनाम आईने इंटरनेटवर देशाच्या नावाने अशी काही बोटं मोडली की ते प्रकरण थेट संसदेत गेलं, आणि आया लेकरं कडेवर घेऊन संसदेबाहेर उभ्या राहिल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये देशात वाट पाहणारी मुलं २६,०८१ होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती २,५६७ वर आली. पाळणाघरं वाढली हे खरं, पण मुलंही कमी झाली. २०२४ मध्ये अख्ख्या जपानात सात लाखसुद्धा जन्मली नाहीत. आकडा उतरला म्हणून आनंद मानावा की काय, मला कळत नाही.

दुसऱ्या फेरीचा अर्ज टाकला आणि त्याच आठवड्यात मी सांगलीची तिकिटं काढली. ५ मार्चची. दोन आठवडे राहायचं, लेकीला आईकडे रुळवायचं आणि एकटीने परत यायचं. अण्णांनी पुराने फुगलेलं दार रंधून घेतलं, आईने माझा जुना पाळणा माळ्यावरून काढला. माळ्यावर होता म्हणून तो पुरातून वाचला होता. तिने फोनवर तो दाखवला. नव्या दोऱ्या लावलेल्या. मी म्हटलं, "छान दिसतोय," आणि नेटवर्क नाही असं सांगून फोन ठेवला.

त्या रात्री मला काय आठवावं? ११ मार्च २०११. दुपारी पावणेतीनला भूकंप झाला, आम्ही सगळे इमारतीबाहेर पळालो, आणि थोड्या वेळाने बर्फ पडायला लागला. समोरच्या रस्त्यावरून एका पाळणाघराची मुलं चालली होती. अगदी लहानं एका ढकलगाडीत उभी, सगळ्यांच्या डोक्याला जाड कापडी टोपडी, आणि दोन शिक्षिका बर्फातून ती गाडी ढकलत होत्या. एकही मूल रडत नव्हतं. त्या काहीतरी गाणं म्हणत होत्या. संध्याकाळी अंधारात परत जाताना मी पाहिलं, पाळणाघराच्या दारात कंदील ठेवून त्याच दोघी उभ्या होत्या, आणि एकेक आई चालत येत होती. त्यांचीही घरं असतील, मुलं असतील. तेव्हा मला मूल नव्हतं, मी ते विसरूनही गेले होते. नऊ वर्षांनी पाळणा बघितल्यावर ते वर आलं. नवऱ्याला उठवून म्हटलं, "मला ती इथेच हवी आहे." तो झोपेतच म्हणाला, "मग इथेच राहील." पण राहणार कशी, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात फोन आला. यादीतल्या पाचव्या नावाच्या, फक्त एकोणीस मुलांच्या छोट्या पाळणाघरात एक जागा. एका कुटुंबाची बदली झाली होती म्हणे. कोणाच्या तरी मार्चच्या पत्राने आमचं भलं केलं. तिकिटं रद्द केली. रद्द करण्याचे पैसे कापून गेले म्हणून नवरा दोन दिवस कुरकुरला. आईला कळवलं तर ती म्हणाली, "बरं झालं." मग म्हणाली, "पाळणा राहू दे खालीच. सुट्टीत याल तेव्हा लागेल."

२२ मार्चला भारताने बाहेरून येणारी विमानं थांबवली. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं सुरू व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. नवऱ्याने तिकिटांच्या पैशांचा विषय पुन्हा काढला नाही.

माझं पत्रही मार्चमध्येच आलं: कारखाना. म्हणजे घराजवळचं पाळणाघर आणि तासाभरावरचं काम. पहाटेपासूनचे सगळे हिशेब मी पुन्हा मांडले, आणि ते मांडून होईपर्यंत १६ एप्रिलला देशभर आणीबाणी लागू झाली. ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलांना घरीच ठेवावं, असा पाळणाघराचा निरोप आला. मियागी प्रांतातली आणीबाणी १४ मेला उठली. कचेरीने रुजू होण्याची मुदत पुढे सरकवून दिली, आणि मी कामावर गेले १ जूनला. भट्टी? तिचे सुटे भाग बंदरात अडकले होते. ती सुरू झाली ऑक्टोबरमध्ये, माझ्यासमोर.

मेच्या अखेरीस लेकीचं 'नाराशी' झालं, म्हणजे सराव. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. आधी घरी प्रत्येक डायपरवर हिरागानात नाव लिहायचं, मोज्यांवरही. बाळाने आजवर काय काय खाल्लं आहे त्याची यादी भरायची. यादीत नात्तो होतं, तोफु होतं, मुगाची खिचडी कुठे लिहायची ते कळेना, म्हणून मी समासात लिहिली. शिक्षिकेने तीन प्रश्न विचारले आणि वहीत टिपून घेतलं. ही वही रोज घरून तिकडे आणि तिकडून घरी फिरते. किती वाजता उठली, काय खाल्लं, शी कशी झाली, अंगात ताप किती. ३७.५ च्या वर गेला की फोन येतो, 'न्यायला या.' (अमेरिकेतल्यांनी घाबरू नये, तो साडेनव्व्याण्णव आहे.) पहिल्या महिन्यात असे सहा फोन आले. मी भट्टीपाशी, नवरा विद्यापीठात. ज्याची गाडी आधी तो जायचा.

जूनच्या एका दिवशी वहीत लिहून आलं, "आज जेवणाच्या वेळी स्पष्टपणे 'मान्मा' म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." जपानी बाळं खाऊला मान्मा म्हणतात. मी आईला फोनवर वाचून दाखवलं तर ती खवळलीच. "अगं, मंमं म्हणाली ती! मी तीन महिने कानात सांगत होते. त्यांना काय कळतंय!" मी वहीत उत्तर लिहिलं की आमच्या भाषेतही हा शब्द जवळजवळ हाच आहे. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने तो शब्द काताकानात लिहून, हा उच्चार बरोबर आहे का, असं विचारलं होतं.

पुढे २०२५ सरता सरता, २०२६ च्या एप्रिलमध्ये पहिलीत जायचं म्हणून लेकीचं दप्तर आणलं. शाळा दुपारी सुटते. त्यानंतर मुलांना सांभाळायला वस्तीतल्या बालभवनात सोय असते, आणि तिथेही अर्ज लागतो. अर्जाबरोबर नोकरीचा दाखला. बदलीचं पत्र अर्थातच मार्चमध्ये. मी मनुष्यबळ विभागात फोन केला. त्या बाई कधीच निवृत्त झाल्या होत्या. फोन घेतला तो तेव्हाच्याच त्या मुलाने. त्यालाही आता दोन वर्षांचा मुलगा आहे. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सध्याच्याच पदावर, असं लिहू ना?"